बाटलीतलं रोप आणि बशीतलं पोट

यावलकडे माझ्या मामांची केळीची बाग आहे. मृगबागेची लागवड चालू होती. क्रेटमधून रोपं उतरवून मी एकेका खड्ड्याजवळ मांडत होते, तेव्हा मामांनी विचारलं, "केयीचं रोप बाटलीत होतं, तसं माणसाचं पोटबी बाटलीत करता म्हने आता. खरं का माय?"

प्रश्न मलाच विचारला याला कारण आहे. मी सहा वर्षं केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये, म्हणजे बाटलीत रोपं वाढवतात तिथे, काम केलंय. आणि पोटाबद्दल विचारला यालाही कारण आहे. नव्वदच्या दशकात मामांना अल्सर झाला. पोटात आग पडायची, रात्री उठून बसायचे. तेव्हा सगळ्यांचं एकच सांगणं असायचं: तिखट सोडा, चहा सोडा, चिंता करू नका, थंड दूध घ्या. ज्या घरात कळण्याची भाकरी आणि ठेचा रोजचा, त्या घरात मामा बारा वर्षं दूधभात खात राहिले, आणि अल्सर काही जाईना. शेवटी जळगावात दुर्बिणीतून तपासणी झाली. जठराच्या अस्तराचा कणभर तुकडा काढला, त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू सापडला. दोन आठवडे अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेतल्या. दुखणं गेलं ते गेलंच. त्या बारा वर्षांची हळहळ मला अजून वाटते.

"खरं आहे मामा, पण अख्खं पोट नाही होत," एवढंच मी तेव्हा म्हणाले. मजूर थांबले होते, पाणी सोडायचं होतं. बांधावर अर्धं राहिलेलं ते उत्तर इथे पूर्ण करते.

बशीत नेमकं काय असतं

ज्वारीच्या दाण्याएवढा, बऱ्याचदा त्याहूनही बारीक, आतून पोकळ असा गोळा. तो जेलीसारख्या पदार्थाच्या थेंबात रुतलेला असतो आणि त्याच्याभोवती गुलाबीसर पोषक द्रव असतो. गोळ्याची भिंत जठराच्या किंवा आतड्याच्या अस्तराच्या पेशींची बनलेली असते. याला ऑर्गनॉइड म्हणतात. बातमीत 'प्रयोगशाळेत पोट तयार' असं छापून येतं तेव्हा डोळ्यांपुढे जेवण मावेल अशी पिशवी उभी राहते. तसं काही कुठल्याही बशीत नाही. पण पोटाचं बरंचसं काम हे अस्तरच करतं. आम्ल तेच सोडतं, आम्लापासून वाचवणारा बुळबुळीत थर तेच तयार करतं, अन्नातला कस तेच शोषतं, जंतूंशी पहिली गाठ त्याचीच पडते. म्हणून दाण्याएवढ्या अस्तरालाही बरंच काही विचारता येतं.

हा गोळा वाढतो कसा, हे केळीवरून चांगलं समजतं. केळीचं जे खोड दिसतं ते खरं खोड नसतं, एकमेकांभोवती गुंडाळलेली ती पानांची आवरणं असतात. वाढीचा खरा कोंब खाली कंदात, जमिनीलगत असतो. तिथून नवा पोंगा वर सरकत राहतो, उलगडतो, आणि जुनी पानं बाहेर लोटली जाऊन वाळतात.

आतड्याचं अस्तर याच रीतीने चालतं. लहान आतडं साधारण सहा मीटर लांब. त्याच्या आतल्या पृष्ठभागावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, शाळेच्या पुस्तकात त्यांना रसांकुर म्हणतात. या रसांकुरांच्या बुडाशी खोलगट खड्डे असतात आणि खड्ड्यांच्या तळाला मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल. या पेशी साधारण रोज दुभंगतात. नव्या पेशी वर चढत जातात, चढता चढता कोणी शोषणारी होते, कोणी चिकट द्रव सोडणारी, कोणी संप्रेरकं सोडणारी. तीन ते पाच दिवसांत त्या टोकाला पोचतात आणि गळून पडतात. आज तुमच्या आतड्यात जे अस्तर आहे, त्यातलं बहुतेक गेल्या आठवड्यात नव्हतंच.

या मूलपेशी ओळखायच्या कशा, हे बरीच वर्षं कोड्यात होतं. २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने त्यांची खूण शोधली. एलजीआर-५ नावाचा जनुक तिथे चालू असतो. मग २००९ मध्ये तिथल्याच तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातली ही एकेकटी पेशी काढली आणि जेलीच्या थेंबात ठेवली. शेजारपाजार तुटला की अशी पेशी मरते, असाच तोवरचा समज होता. सातो यांनी शेजाऱ्यांकडून मिळणारे निरोप बाहेरून दिले: वाढ असं सांगणारं एक प्रथिन, मूलपेशी म्हणून राहा असं सांगणारं दुसरं, आणि घाईने पोक्त होऊ नको असं सांगणारं तिसरं. त्या एका पेशीपासून खड्डे आणि खड्ड्यांवरचं अस्तर असं सगळं रचलेला गोळा उभा राहिला. नकाशा कोणी दिला नव्हता, रचना पेशींनी स्वतः केली. पुढे दोनच वर्षांत माणसाच्या आतड्यावरही हे जमलं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमची लॅब आठवली. कंदातला कोंब सोलून मीडियावर, म्हणजे बाटलीतल्या घट्ट पोषक द्रवावर, ठेवायचा, आणि मीडियात काय घातलंय त्यावर पुढचं सगळं ठरायचं. सायटोकायनिन आणि ऑक्झिन ही वनस्पतींची दोन संप्रेरकं. सायटोकायनिन जास्त असेल तर कोंबाला कोंब फुटत जातात, ऑक्झिन वाढवलं की मुळं सुटतात. हे गुणोत्तर स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या पेशींवर दाखवलं होतं. रोप तेच, काच तीच, फक्त निरोप बदलला की वाट बदलते. पोटाच्या बाबतीतही कसब आहे ते कोणता निरोप कधी द्यायचा, यातच.

रक्तातून पोट

वरची वाट सोपी, पण त्यासाठी आतड्याचा तुकडा हातात हवा. दुसरी वाट त्याहून लांबची आहे. २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशीत चार जनुकं घालून तिला मागे नेलं, इतकं मागे की ती पुन्हा गर्भातल्या सुरुवातीच्या पेशीसारखी झाली. २००७ मध्ये माणसाच्या पेशीवर हेच झालं, आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे तुमच्या कातडीतून किंवा रक्तातून अशी पेशी बनवता येते, जिच्यापुढे सगळ्या वाटा पुन्हा खुल्या असतात.

तिला पोटाकडे वळवण्याचं काम अमेरिकेत सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात जेम्स वेल्स आणि जेसन स्पेन्स यांच्या गटाने केलं. त्यांनी गर्भात जे घडतं त्याचाच माग काढला. गर्भात आधी पेशींचे तीन थर होतात. आतल्या थराची नळी वळते, आणि त्या नळीचा पुढचा भाग पुढे जठर होतो, मागचा आतडं. बशीतही तसंच. पहिले तीन दिवस ॲक्टिव्हिन नावाचं प्रथिन दिलं की पेशी आतल्या थराच्या होतात. मग डब्ल्यूएनटी आणि एफजीएफ हे दोन निरोप दिले की सपाट पसरलेल्या पेशींना फुगवटे येतात आणि त्यांचे बारीक गोळे आपोआप सुटून तरंगू लागतात. तेवढ्यावरच थांबलं तर नळीचा मागचा भाग होतो, म्हणजे आतडं. हे २०१० च्या अखेरीस प्रसिद्ध झालं. जठर हवं असेल तर नळीला मागे जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी नॉगिन नावाचं प्रथिन एक निरोप अडवतं, आणि नेमक्या वेळी रेटिनोइक आम्ल द्यावं लागतं, जे अ जीवनसत्त्वाचंच भावंड. अशा रीतीने २०१४ मध्ये जठराचा खालचा भाग तयार झाला, त्याला सुमारे ३४ दिवस लागले. आम्ल सोडणारा वरचा भाग जमायला २०१७ उजाडलं.

लॅबमधून निघालेलं रोप थेट शेतात लावलं तर मरतं, हे आपल्याकडे कोणत्याही केळीवाल्याला सांगावं लागत नाही. बाटलीतल्या पानाला ऊन माहीत नसतं, मुळाला माती माहीत नसते. म्हणून आधी पॉलिहाऊस, मग शेडनेट, असं हार्डनिंग. बशीतलं आतडंही असंच कोवळं असतं, जन्माआधीच्या बाळाच्या आतड्यासारखं. २०१४ मध्ये सिनसिनाटीच्याच गटाने हे गोळे उंदराच्या मूत्रपिंडाच्या पातळ आवरणाखाली ठेवून पाहिले, कारण तिथे रक्ताचा पुरवठा भरपूर. तिथे ते कित्येक पटींनी वाढले आणि त्यांना खरे, पोक्त रसांकुर आले. माझ्या लेखी हे त्यांचं हार्डनिंगच.

२०१७ मध्ये आतड्याच्या गोळ्यांत मज्जातंतूंच्या पेशी मिसळल्या गेल्या. आपल्या आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, त्याच्यामुळे अन्न पुढे ढकललं जातं. काही बाळांच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच हे जाळं नसतं, त्यांना शौच होत नाही, पोट फुगतं. त्या आजाराला हिर्शस्प्रुंग म्हणतात, आणि तो समजून घेण्यासाठीच हा प्रयोग होता. २०२२ मध्ये जठराच्या गोळ्यातही ग्रंथी, स्नायू आणि मज्जातंतू एकत्र वाढवले गेले, आणि तो गोळा आकुंचन पावू लागला.

याचा उपयोग कोणाला

मामांच्या जंतूपासूनच सुरुवात करते. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये हा जंतू वाढवून दाखवला, पण अल्सर चिंतेने आणि खाण्याने होतो असं मानणाऱ्यांना पटेना. मार्शल यांनी डुकराच्या पिलांना संसर्ग करून पाहिला, तो लागला नाही. मग १९८४ मध्ये त्यांनी स्वतःच तो जंतू द्रवात घालून प्यायला. काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्यांचं धाडस मोठंच, पण माणसाच्या जठराला विचारायला दुसरं काही साधन नव्हतं म्हणून एका डॉक्टरला स्वतःचं पोट पुढे करावं लागलं. २०१४ च्या जठर-गोळ्यांवर पहिल्या प्रयोगांतला एक याच जंतूचा होता. बारीक सुईने तो गोळ्याच्या पोकळीत सोडला. तो अस्तराला चिकटला, त्याने आपलं एक प्रथिन पेशींत घुसवलं, आणि २४ तासांत पेशी नेहमीपेक्षा जोराने दुभंगू लागल्या. याच जंतूमुळे पुढे काहींना जठराचा कर्करोग का होतो, त्याची पहिली पायरी अशी डोळ्यांदेखत पाहता आली.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं, कारण ते साधं आहे. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात पेशींतून क्षार आणि पाणी नीट बाहेर येत नाही, कफ आणि पाचकरस घट्ट होतात. बिघाड एकाच जनुकात, पण त्याचे प्रकार शेकडो, आणि औषध प्रत्येकाला लागू पडत नाही. उट्रेख्तच्या संशोधकांनी २०१३ मध्ये रुग्णाच्या गुदाशयाच्या अस्तराचा बारीक तुकडा घेऊन गोळे वाढवले आणि त्यांच्यावर एक रसायन टाकलं. निरोगी माणसाचा गोळा पाणी ओढून टम्म फुगतो. रुग्णाचा फुगत नाही. आता त्यात औषध घाला. फुगला तर ते औषध या माणसाला लागू पडण्याची शक्यता आहे. ज्याच्या बिघाडाचा प्रकार इतका दुर्मीळ की मोठी चाचणी घ्यायला पुरेसे रुग्णच मिळणार नाहीत, त्याच्यासाठी ही परीक्षा म्हणजे मोठाच आधार.

उलट्या-जुलाबांच्या साथी आणणारा नोरोव्हायरस १९७२ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, पण चाळीसहून जास्त वर्षं तो प्रयोगशाळेत नीट वाढवता येत नव्हता. २०१६ मध्ये ह्यूस्टनमध्ये मेरी एस्टेस यांच्या गटाने तो माणसाच्या आतड्याच्या ऑर्गनॉइडमध्ये वाढवला. त्याच्या काही प्रकारांना वाढायला पित्त लागतं, हेही तेव्हा कळलं. जो विषाणू वाढवता येत नाही त्याच्यावर औषध तपासायचं कशावर? ती अडचण इथे सुटली. कोरोनाच्या काळातही तो विषाणू आतड्याच्या पेशींत शिरू शकतो, हे २०२० मध्ये अशाच गोळ्यांवर दाखवलं गेलं. कर्करोगाचंही तसंच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आतड्याचा आणि जठराचा पसरलेला कर्करोग असलेल्या रुग्णांच्या गाठींपासून गोळे वाढवून त्यांच्यावर औषधं तपासली. बशीत जे औषध चाललं नाही ते रुग्णातही चाललं नाही, हे भाकीत विशेष खरं ठरलं. निरुपयोगी केमोचा त्रास एका माणसाचा जरी वाचला तरी ते मोठं काम आहे.

माझी स्वतःची सगळ्यात जास्त आशा मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कुपोषित लेकरांची गोष्ट आपण खान्देशात वर्षानुवर्षं ऐकतो. खायला कमी हे कारण आहेच, त्यात शंका नाही. पण दूषित पाण्यामुळे पुन्हा पुन्हा संसर्ग होणाऱ्या मुलांच्या आतड्यात आणखी एक गोष्ट घडते: रसांकुर खुरटतात, सपाट होतात, अस्तर गळकं होतं. मग पोटात गेलेलं अन्नही अंगी लागत नाही. तोंडावाटे द्यायच्या रोटाव्हायरससारख्या लसी गरीब देशांतल्या मुलांत कमी प्रभावी ठरतात, त्यामागेही आतड्याची ही अवस्था असावी असं मानलं जातं. बाळाच्या आतड्याचा तुकडा सहज काढता येत नाही, आणि उंदराचं आतडं माणसाचं नव्हे. तिथे माणसाच्या आतड्याचं बशीतलं अस्तर उपयोगी पडेल. पाणी शुद्ध आणि ताट भरलेलं असणं हा पहिला उपाय राहीलच. पण खुरटलेला रसांकुर पुन्हा कशाने उभा राहतो, हे कोणीतरी शोधायलाच हवं, आणि मला वाटतं ते आपल्याकडच्या मुलांसाठी आधी शोधलं जावं.

जे जमत नाही ते

बशीतल्या या गोळ्यांना सहसा रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे एका मापापलीकडे वाढले की आतल्या पेशींपर्यंत प्राणवायू पोचत नाही आणि त्या मरतात. बहुतेकांत प्रतिकारशक्तीच्या पेशी नसतात, आपल्या आतड्यात राहणारी जंतूंची वस्ती नसते. शिवाय अस्तराची जी बाजू अन्नाला भिडते ती गोळ्याच्या आत बंद असते, म्हणून तर सुई टोचावी लागते. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी गोळा सदऱ्यासारखा उलटा करून ती बाजू बाहेर आणण्याची रीत दाखवली. तिच्यामुळे बरीच सोय झाली.

जेलीची एक अडचण मला विशेष समजते. आमच्या लॅबमध्ये मीडिया घट्ट करायला समुद्री शेवाळापासूनचं अगार असायचं, स्वस्त आणि भरवशाचं. ऑर्गनॉइडची नेहमीची जेली, मॅट्रिजेल, ही उंदराच्या एका प्रकारच्या गाठीपासून काढतात. प्रत्येक खेप थोडी वेगळी निघते, किंमतही भारी. माणसाच्या शरीरात घालायच्या गोष्टीसाठी तर ती चालणारच नाही. म्हणून कृत्रिम जेल बनवण्यावर बरंच काम चालू आहे.

आणि सारखं सारखं सब-कल्चर करत, म्हणजे वाढलेले कोंब तोडून नव्या मीडियावर लावत राहिलं की केळीत जशी काही रोपं वेगळीच निघतात, पान चिरकं, घड वेडावाकडा, तसं इथेही होतं. पेशी फार काळ वाढवल्या की त्यांच्या जनुकांत बदल साचतात. म्हणून आम्ही ठरावीक फेऱ्यांनंतर नवा कंद घ्यायचो. तिथेही पेशी गोठवून ठेवतात आणि मधून मधून तपासतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण आपल्याकडे दुखणाईत माणूस कुठेही धावतो. खराब झालेलं जठर काढून त्या जागी असं वाढवलेलं जठर बसवणं आज जगात कुठेही होत नाही. टोकियोत २०२२ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार, असलेल्या एका रुग्णाच्या आतड्यातल्या जखमेवर त्याच्याच पेशींपासून वाढवलेले गोळे लावले गेले, पण तो संशोधनाचा भाग होता. भारतात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांखेरीज स्टेम सेलचा कोणताही वापर हा प्रयोग समजला जातो, आणि तो मान्यता घेतलेल्या चाचणीतच करता येतो. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत. स्टेम सेलने पोट बरं करतो म्हणून कोणी लाखांचा आकडा सांगितला तर तिथून उठून या.

तपासणीसाठी मात्र दार उघडलं आहे. मार्च २०२३ मध्ये आपल्या सरकारने नव्या औषधांच्या नियमांत बदल केला, आणि माणसावर चाचणी घेण्याआधीच्या तपासणीत प्राण्यांबरोबरच ऑर्गनॉइडसारख्या मानवी पेशींच्या पद्धतींनाही जागा दिली. मात्र अशा गोळ्यांसाठी कोणाच्या तरी शरीरातला तुकडा लागतो. १९५१ मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि जगभर वाढवल्या गेल्या. आज तुमचा तुकडा संशोधनाला हवा असेल तर आधी तुम्हाला समजावून सांगून लेखी संमती घ्यावी लागते. कोणी मागितला तर काय करणार, किती वर्षं ठेवणार, हे जरूर विचारा. आणि पटलं तर द्या, असं मी म्हणेन.

मामांना हे सगळं मी नंतर दोन-तीन संध्याकाळी बसून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "त्याले भूक लागते का?"

भूक लागायला मेंदू हवा, तो तिथे नाही, त्यामुळे त्याला भूकही लागत नाही आणि दुखतही नाही. पण पोट रिकामं झालं की आपलं जठर घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक रक्तात सोडतं आणि ते मेंदूला जेवणाची वेळ झाली असं कळवतं. २०१४ च्या त्या जठर-गोळ्यांत घ्रेलिन बनवणाऱ्या पेशी सापडल्या होत्या. त्या कोणी घातल्या नव्हत्या, जठर होता होता आपोआप झाल्या होत्या.

हे ऐकून मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग मामींना हाक मारून म्हणाले, "ताट वाढ वं. ठेचा घे."